चाल घरचीच

इंदिरानगर, नाशिक
२३ सप्टेंबर २००२

मुक्काम इगतपुरी येथील गृहस्थांस,

साष्टांग घालायला गुडघे शिल्लक नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर सविताचं आहे म्हणून तुम्ही हे उघडलं असणार. लेकीचं पत्र समजून उघडलंत आणि आत निघाले मी. आता उघडलंच आहे तर वाचून टाका. मागच्या रविवारी सविता ओझरहून आली होती, तेव्हा तिच्याकडून डझनभर पाकिटांवर तुमचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. म्हणजे बारा पत्रं होईपर्यंत तुमची सुटका नाही.

परवा विसर्जनाची मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर अडली ती चांगली दीड तास. ट्रकवर माणसाच्या उंचीचे स्पीकर, खिडक्यांच्या काचा थरथरतायत, आणि वाजतंय काय, तर आपलं 'उंबऱ्यात सांडलं ऊन'. मी आधी ओळखलंच नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी गायलेलं, तुम्ही चाल लावलेलं गाणं, आणि मी खिडकीत उभी राहून सविताच्या नवऱ्याला विचारतेय, हे कुठलं हो? तो म्हणाला, 'आई, तुमचंच आहे. रिमिक्स.'

कोणी एक मुलगी नाकातून गात होती आणि मधे मधे 'कम ऑन' म्हणत होती. कोणाला बोलावत होती देव जाणे. तेही मी सोसलं असतं. पण त्यांनी थांबा बुजवला. 'उंबऱ्यात सांडलं' म्हणून गाणं दोन मात्रा गप्प राहतं आणि मग 'ऊन गं बाई' येतं, तो तुमचा थांबा. लग्नातले बँडवाले तिथे थांबायचे, माझ्या शाळेतल्या मुली थांबायच्या, ज्यांना पेटी धड धरता येत नाही तेसुद्धा तिथे हात उचलायचे. या लोकांनी तिथे ढोल भरलेत. एक, दोन, तीन, चार, आणि वर शिट्टी.

तुम्हाला ठाऊक आहे, मला स्वतःला तो थांबा कधी आवडला नाही. सिग्नल न मिळालेल्या गाडीसारखं गाणं मधेच उभं राहतं, असं मी तेव्हाही म्हणाले होते. पण न आवडणं वेगळं आणि त्यात ढोल भरणं वेगळं.

आणि पेपरात काय छापून आलंय, तर 'मातीतलं पारंपरिक लोकगीत नव्या ढंगात'. मातीतलं म्हणे. पंचवटीत मामंजींच्या माडीवर बसून, पेटीचा भाता दोनदा शिवून तुम्ही ती चाल लावलीत. मी तिथे होते. शब्द माझ्या आईच्या ओव्यांतले, ते पारंपरिक, कबूल. चाल कशी पारंपरिक?

आमच्याकडे कामाला येते ती नवसाबाई, पेठ तालुक्याकडची. तिला म्हटलं, हे गाणं माझं. ती फरशी पुसता पुसता म्हणाली, 'काय पन सांगत्या बाई. आमच्या गावाची चाल हाय ती. आमची आजी म्हनायची.' आजीच्या घरी रेडिओ होता का, विचारलं. 'होता ना, पंचायतीचा,' म्हणाली. आता बोला.

तुमचं यावर काय म्हणणं आहे ते कळवा. एक ओळ चालेल. तुम्हाला दोन कधी जमल्या नाहीत.

कु. ढुं. गर्गे


इंदिरानगर, नाशिक
१९ ऑक्टोबर २००२

गृहस्थांस नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. 'पत्र पोचले. पारंपरिक चालीला मालक नसतो. कळावे.' कळलं. सत्तराव्या वर्षी माणूस जरा निवतो म्हणतात, तुमच्या बाबतीत ते चुकलंय.

पण आता टोमण्यांना वेळ नाही. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं मला पत्र आलं आहे. रिमिक्सने गाणं पुन्हा तोंडी आलं म्हणून जुन्या मूळ गाण्यांची सीडी काढतायत, त्यात माझं मूळचं घेणार. कव्हरवर गायिका म्हणून माझं नाव. संगीताच्या पुढे त्यांच्या रजिस्टरप्रमाणे 'पारंपरिक'. त्यात दुरुस्ती हवी असेल तर दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, चाल कोणाची ते गायिकेने नावानिशी लिहून द्यायचं. दोन, चाल लावणाऱ्याकडचा त्या वेळचा काही पुरावा, स्वरलिपी वगैरे. मुदत एकतीस मार्च. त्यानंतर कव्हर छापायला जाईल.

पुरावा तुमच्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची वही, तारखा घालून स्वर लिहायचात ती. एकोणसाठ साली रेल्वेची नोकरी लागली तेव्हा पेटी इथे ठेवलीत आणि वही घेऊन गेलात, हे मी पाहिलं होतं. ती पाठवा.

आणि एकदा शेवटचं सांगते, म्हणजे रेकॉर्डवरचं ते 'पारंपरिक'चं लेबल माझ्या डोक्यावर मारणं बंद कराल. मुंबईला रेकॉर्ड झाली, तुम्ही पेटी घेऊन टांगा बघायला खाली गेलात. मी बाकावर, शेजारी मामंजी. कारकून रजिस्टर उघडून म्हणाला, 'बाई, चाल कोणाची?' अठरा वर्षांची सून, सासरा खेटून बसलेला, नवऱ्याचं नाव कसं घेणार? हळदीकुंकवात उखाण्यातून घेते बाई नाव, पण त्या कारकुनासमोर काय उखाणा म्हणायचा होता? मी खाली मान घालून म्हणाले, 'घरचीच आहे.' तो म्हणाला, 'म्हणजे घरात पूर्वीपासून म्हणतात ती? पारंपरिक?' मामंजी म्हणाले, 'हो हो, तसंच.' त्यांना तरी कुठे ऐकू येत होतं नीट. त्याने लिहिलं. झालं.

यात माझा गुन्हा काय? तुमच्या आईने जन्मात कधी मामंजींचं नाव घेतलं होतं का? मी शाळेच्या मस्टरवर पस्तीस वर्षं 'कु. ढुं.' अशी सही केली, मुली मागून मला कुढूबाई म्हणायच्या, तेही ऐकून घेतलं. अजून पाकिटं लेकीकडून लिहून घेते. रिवाज होता, पाळला. त्याची शिक्षा पंचेचाळीस वर्षं चालते होय?

वही पाठवा. पावसात भिजवली नसलीत तर.

कु. ढुं. गर्गे


इंदिरानगर, नाशिक
१२ नोव्हेंबर २००२

नमस्कार.

'वही आहे. पाठवणार नाही.' हे तुमचं कार्ड. दिवाळीच्या चार दिवसांत पोस्टमनने माझ्या हातात ठेवलेली ही एकमेव शुभेच्छा.

मी हात टेकले. अहो, नाव कोणाचं लागायचंय? माझं का? माझं आहेच तिथे. गाणं गाजलं ते दिवस आठवतात ना? सकाळी रेडिओवर, दुपारी लग्नाच्या कर्ण्यावर, तुम्ही चौकातून चाललात की पानवाला तेच शिटीवर. आणि तुम्ही कोणाला सांगायला जावं, चाल माझी आहे, तर लोक हसायचे. म्हणायचे, गर्गे, ही तर आमच्या मामाच्या गावची. तेव्हा तुम्ही जेवण टाकून माडीवर जाऊन बसायचात. पुन्हा एक चाल लावली नाहीत. पेटीला हात लावला नाहीत. मला ते दिसत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?

मग नोकरी इगतपुरीला. आधी दर रविवारी यायचात, मग दिवाळीला, मग अडुसष्ट सालचं शाळेचं संमेलन. पाहुण्यांनी भाषणात 'आपल्या पूर्वजांची ही अनमोल ठेव' म्हटलं, मी स्टेजवर उभी होते आणि काही बोलले नाही. तुम्ही चौथ्या रांगेतून उठून गेलात ते सविताच्या लग्नालाच उगवलात. अक्षता टाकल्या, जेवलात, संध्याकाळच्या गाडीने परत. घटस्फोट नाही, भांडण नाही, नुसती रेल्वेची बदली चालू आहे चौतीस वर्षं. रिटायर झालात तरी बदली संपेना.

सविता म्हणते, आई, बाबांना फोन कर, शेजाऱ्यांकडे फोन आहे. मी म्हटलं, फोनवर ते गप्प बसतील आणि मीटर माझं पळेल.

आता नाव लागायची वेळ आली तर तुम्ही वहीवर बसून आहात. नेमका कोणावर सूड उगवताय ते तरी सांगा. मला खरंच कळत नाही.

कु. ढुं. गर्गे


इंदिरानगर, नाशिक
५ जानेवारी २००३

नमस्कार.

दीड महिना मी पत्र लिहिलं नाही याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं कार्ड आरशामागे खोचून ठेवलंय, वेणी घालताना रोज दिसतं. 'कारकुनाने कागद दिला होता.' चार शब्द. कळावेसुद्धा नाही.

तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे? मी हिशेब लावून बघितला. लेबल छापून आल्यावर तुम्ही एकटे मुंबईला जाऊन आला होतात, काही उपयोग झाला नाही एवढंच घरी सांगितलंत. तेव्हाच त्या कारकुनाने सांगितलं असणार. म्हणजे सत्तावन्न सालापासून. सविता जन्मायच्या आधीपासून. आणि मी तुम्हाला रिवाज, मामंजी, उखाणा हे सगळं दर खेपेला ऐकवत आले, आणि तुम्ही दर खेपेला ते ऐकून घेतलंत.

तुमचा इतका राग आलाय मला की काय सांगू. तेव्हाच तोंडावर का नाही बोललात? ओरडायचं होतं. भांडायचं होतं. मी रडले असते, कबूल केलं असतं, आठ दिवस धुसफूस झाली असती आणि संपलं असतं. तुम्ही वाट बघत बसलात मी आपणहून सांगेन म्हणून. माझ्यासारखी बाई आपणहून सांगते होय?

तर आता सांगते.

मी 'घरचीच आहे' म्हणाले ते खरं. मामंजी 'हो हो' म्हणाले तेही खरं. पण कारकून म्हातारा होता, शहाणा होता. त्याला माझी अडचण कळली. त्याने चिठ्ठीचा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली आणि हळूच म्हणाला, 'तोंडाने नका घेऊ, लिहून द्या.' मामंजी खिडकीतून ट्राम बघत होते. कोणी बघत नव्हतं. मला लिहिता येत होतं, आद्याक्षर टाकलं असतं तरी त्याचं काम झालं असतं. मी पेन्सिल हातात धरली. आणि कोरा कागद त्याला परत दिला.

का, ते ऐका. आदल्या दिवशी माडीवर शेवटची तालीम होती. थांब्याशी आलो तेव्हा मामंजी म्हणाले, 'हे मधेच का रे अडतं?' तुम्ही हसत हसत म्हणालात, 'थांबा हाच या गाण्याचा जीव आहे बाबा. गळा काय, कोणाचाही बसवा, गाणं चालेल.' मेळ्यातली मंडळी बसली होती, सगळे हसले. मीही हसले. आणि ते वाक्य नाशिकपासून मुंबईपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

गणपतीच्या मेळ्यात मला पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, लग्न करीन तर या गळ्याशी. दोन वर्षांत तोच गळा कोणाचाही झाला. पेन्सिल हातात होती तेव्हा माझ्या मनात आलं, गळा कोणाचाही चालतो ना, मग चालही कोणाचीही चालू दे.

एवढंच. एका दिवसाचा राग होता. संध्याकाळच्या गाडीत उतरलाही असता. तुम्ही टांगा करून वर आलात, मला जिन्यावरून हात धरून उतरवलंत, मामंजींच्या देखत, आणि मला वाटलं परत वर जाऊन लिहून यावं. पण मग काय म्हणून जाणार होते? आणि लेबल लागून इतकं अंगाशी येईल हे तेव्हा कोणाला माहीत होतं? दोन-चारशे रेकॉर्डी खपतील आणि विसरून जातील, असंच सगळे म्हणत होते.

पहिल्या दिवशी सांगता आलं नाही. महिन्याने सांगणं अवघड झालं. वर्षाने तर रिवाजाचं कारण इतकं पाठ झालं की मलाच खरं वाटायला लागलं.

चुकले मी. पासष्टीला आल्ये, दुसऱ्या कोणाला तरी हे लिहिणार आहे का? आता वही पाठवा किंवा न पाठवा. कंपनीला माझं पत्र मी लिहिणारच आहे. फक्त त्यात तुमचं नाव लिहायला बसते आणि हात अडतो, तो आता रिवाजाने अडतो की लाजेने, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

कु. ढुं. गर्गे


इंदिरानगर, नाशिक
१७ फेब्रुवारी २००३

नमस्कार.

तुमचं कार्ड नाही. ठीक आहे. मी थांबणारी बाई नाही.

काल आकाशवाणीवर माझी मुलाखत झाली. तुमच्या घाटाच्या तोंडाशी आमचं केंद्र लागतं की नुसती खरखर येते, कोण जाणे, म्हणून लिहिते आहे. थेट प्रसारण होतं, म्हणजे बोललेलं पुसता येत नाही. निवेदन करणारी मुलगी तृप्ती नावाची, गोड होती, पण सारखी 'वॉव' म्हणत होती. म्हणाली, 'आजी, ही पारंपरिक चाल तुम्हाला कोणाकडून मिळाली?'

मी म्हटलं, 'मिळाली नाही. लावली. यजमानांनी लावली.' ती म्हणाली, 'वॉव. काय नाव होतं त्यांचं?' मी म्हटलं, 'होतं काय? आहेत ते. इगतपुरीला असतात.' मग तिला वाटलं आता उखाणा येणार. म्हणाली, 'घ्या ना आजी नाव, छान उखाण्यात.' मी म्हटलं, 'उखाणा राहू दे, त्यात फार वेळ गेला.' आणि नाव घेतलं. तुमचं, तुमच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. साधं. हजेरी घेतात तसं.

वाटलं होतं छत कोसळेल. काही झालं नाही. काचेपलीकडच्या माणसाने आवाजाची कळ जरा खाली केली, एवढंच. मी मोठ्याने बोलले असेन.

मग म्हणाली, दोन ओळी गा. पेटी नाही, काही नाही. गायले. आणि 'उंबऱ्यात सांडलं' म्हणता म्हणता माझा दम संपला. बरोबर थांब्याशी. या वयात छाती तेवढीच पुरते. दोन मात्रा श्वास घेतला आणि 'ऊन गं बाई' म्हटलं. घरी येताना रिक्षात मनात येत होतं, इतकी वर्षं मी ज्याला नखरा म्हणत आले तो थांबा एखाद्या दमलेल्या बाईच्या मापाने कापल्यासारखा आहे. नवसाबाईसुद्धा गाताना तिथे फडकं पिळते. 'तिथं दम खायाचा असतो,' म्हणते. तिला कोणी शिकवलं ते विचारू नका, तिची आजी मधे येते.

श्रोत्यांचे फोन घेतले. पहिलाच फोन देवळाली कॅम्पातून, कोणी निवृत्त मास्तर. म्हणाले, 'बाई, हे बरं नाही. लोकांच्या ठेव्याला नवऱ्याचं नाव चिकटवताय.' मी त्यांना म्हटलं, 'गुरुजी, पंचेचाळीस वर्षं ते सोलून ठेवलं होतं, आता चिकटवते आहे.' त्यांनी फोन ठेवून दिला. तुमची बाजू मांडणं किती त्रासाचं काम आहे हे मला काल कळलं. तुम्ही चौकात एकट्याने ते करत होतात आणि मी घरात भाकऱ्या भाजत होते.

एकतीस मार्च डोक्यावर आला. वही पाठवत नसलात तर निदान ती नीट ठेवा. तिकडच्या दमटाने कागदाचा लगदा होतो.

कु. ढुं. गर्गे


इंदिरानगर, नाशिक
९ मार्च २००३

श्री. ढुंढिराज विनायक गर्गे यांस,
नमस्कार.

वरचं नाव तीनदा वाचलंत ना? मीही तीनदा वाचलं. अक्षर वाकडं आलंय, सवय नाही.

गेल्या सोमवारी रजिस्टर पार्सल आलं. प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या, मधे वर्तमानपत्र, आत निळी वही. चिठ्ठी नाही. सगळ्या पिशव्या उलट्या करून झटकल्या, एक ओळ नाही. मी चिडून वही टेबलावर आपटली आणि चहा टाकायला गेले. मग चष्मा लावून बसले.

१२ फेब्रुवारी १९५७. 'उंबऱ्यात सांडलं ऊन.' चाल पूर्ण लिहिलेली, अखंड. थांबा नाही. 'सांडलं ऊन गं बाई' एका दमात, वर एक हरकत. त्या ओळीवर तुम्ही आडवी रेघ मारली आहे. खाली ३ मार्च, तीच ओळ, आता मधे दोन मात्रा रिकाम्या. आणि समासात पेन्सिलीने, बारीक:

'इथे कु.ला श्वास. चौथा चालू आहे, दम पुरत नाही. बाबांना कळू देऊ नये, मुंबईला जाऊ देणार नाहीत.'

ढुंढिराज, मी कोणाला सांगितलं नव्हतं. तालमीत छाती भरून यायची तेव्हा पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग करायची. मला वाटायचं, कोणाला कळत नाही. तुम्ही पेटीवर मान घालून बसलेले असायचात.

म्हणजे मामंजींनी 'हे मधेच का अडतं' विचारलं, तेव्हा तुम्हाला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. खरं सांगितलं असतंत तर माझं गाणं तिथेच संपलं असतं. म्हणून हसून म्हणालात, थांबा हाच जीव, गळा कोणाचाही बसवा. मला झाकायला म्हणालात. आणि मी ते मनात धरून कोरा कागद परत दिला.

मला त्या दिवशी काही सुचलं नाही. नवसाबाईने विचारलं, 'बाई, कोनी गेलं का?' मी म्हटलं, नाही, गेलेलं परत आलं.

आता मात्र मला भांडायचं आहे. अहो, एवढी एक ओळ वहीत लिहिता आली, तीच रात्री माझ्या कानात सांगता आली नाही? कार्डावर चार चार शब्द मोजून पाठवता, त्यातले पाच इकडे खर्च केले असते तर काय बिघडलं असतं? मी नाव घेतलं नाही म्हणून तुम्ही रुसलात. तुम्ही कारण सांगितलं नाही त्याचं काय? दोघांनी मिळून एक साधी गोष्ट इतकी वर्षं अडवून धरली, आणि त्या थांब्यावर मजेत नाचली दुसरीच माणसं.

सविताला आज सकाळी पान दाखवलं. तिने आधी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, 'म्हणजे हा थांबा माझ्यामुळे आहे?' मी म्हटलं, तुझ्याचमुळे. आठवतंय का, शाळेत सगळ्या मुली तिथे थांबायच्या आणि तू एकटी पुढे पळायचीस? आता ओझरमध्ये घरोघर सांगत फिरेल.

कंपनीला पत्र गेलं. पानाची झेरॉक्स जोडली आहे, समासासकट. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. पत्रात तुमचं नाव चार ठिकाणी आहे, एका ठिकाणी गरज नव्हती. कालच त्यांचा फोन आला, कव्हरवर लागेल म्हणाले. मी त्यांच्याकडून एकेक अक्षर वदवून घेतलं. 'ढ' ला उकार पहिला, अनुस्वार विसरू नका, म्हणून बजावलं.

पेटी माळ्यावरून खाली काढली आहे. भाता उंदरांनी खाल्लाय. तो शिवायला तुम्हीच लागाल, मला दाभण धरवत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने या. पिशवीत दोन कपडे जास्त टाका. संध्याकाळच्या गाडीची चौकशी मी करणार नाही.

सविताची सात पाकिटं तशीच उरली आहेत, ती ठेवून दिली. या पाकिटावरचा पत्ता माझ्या हातचा आहे. पोस्टमनने ते देताना तुम्हाला वाटलं असेल, हे कोणाचं अक्षर? म्हणून खाली पुरती सही करते.

तुमची,
कुसुम ढुंढिराज गर्गे